पाच नंबर टाकीची रविवारची सुट्टी

प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून जिंदगी काढली की माणसाकडं दोन गोष्टी साठतात. एक फॉर्मॅलिनचा वास आणि दुसरे किस्से. वास साबणानं जात न्हाई आणि किस्से रिटायर होऊनही जात न्हाईत. परवा भाजी आणायला गेलो तर भाजीवाली म्हणली, “मुंजाजीकाका, कॉलेजातून आलाव का?” मला रिटायर होऊन आठ महिने झाले! आता बोला.

लोकांना वाटतं, लॅबमध्ये काय घडणार? बरणीत मेलेली बेडकं. अहो, बेडकं मेलेली असली तरी माणसं जिती असतात ना! त्यात संघमित्रा आमच्याकडं पीएच.डी.ला आली आणि किस्से ठेवायला जागा पुरेना झाली.

संघमित्रा पालमची. वडील तिथंच शाळेत मास्तर. पोरगी बोलायला हळू, कामाला पक्की, पण एक खोड लय बेजार करणारी. खोटं लिहायची न्हाई. बारीकसं, कुणाला कळणार न्हाई असंही न्हाई. तिचा विषय असा, की बंद पडलेल्या दगडखाणीत साचलेलं पाणी उन्हाळ्यात खारं होतं, तर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचं त्यात काय होतं. गाईड आमचे घुगे सर. नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदाही वाढवून झाली होती. आता ह्या वर्षात थिसीस गेला न्हाई तर नोंदणी रद्द आणि पोरीची सगळी वर्षं मातीत.

एवढं ध्यानात ठेवा. बाकी मी सांगतो.

* * *

झरीच्या शिवारात एक खदान हाय. कधीकाळी रोडसाठी तिथून दगड काढला, काम संपलं, क्रशर गेला, खड्डा राहिला. पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यात आटतो, आणि आटता आटता पाणी खारं होत जातं. खदानीला लागूनच गणपतमामांचं रान.

आमी पहिल्यांदा गेलो तो मे महिना. घुगे सर, संघमित्रा आणि मी, तिघं गुडघाभर पाण्यात वाकून दगड उलटे करायलो होतो. मामा काठावर येऊन उभे राहिले.

“काय हारपलंय का सायेब?”

“काही नाही मामा, गोगलगायी गोळा करतोय,” सर म्हणाले.

मामांनी आमा तिघांना वरून खाली न्याहाळलं. मग म्हणले, “किती शिकलाव तुमी?”

“एम.एस्सी., पीएच.डी.”

“मंग बी ह्येच काम लागलं?”

सर तिथंच जरा घुश्श्यात आले. त्यांनी पिशवीतून खारटपणा मोजायचं मशीन काढलं आणि पाण्यात बुडवलं. मामांनी शेजारी वाकून पाण्यात बोट बुडवलं, चाटलं, थुंकले आणि म्हणले, “मागच्या हप्त्यापरीस खारं हाय.”

“मामा, जिभेवर शास्त्र चालत नसतं,” सर म्हणाले.

मामा म्हणले, “लावा मंग पैज!”

संघमित्रानं लगेच पाच बाटल्यांत पाच तऱ्हेचं पाणी केलं, कुठं खदानीचं, कुठं आमच्या प्यायच्या बाटलीतलं मिसळून. कमी खाऱ्यापासून जास्त खाऱ्यापर्यंत बुडाखाली नंबर टाकले. मामांनी एकेक बोट चाटलं, मधे चूळ भरली, आणि पाची बाटल्या ओळीनं लावून दिल्या. संघमित्रानं बाटल्या उलट्या करून नंबर बघितले. एक, दोन, तीन, चार, पाच! सरांच्या मशीननं मात्र तीन आणि चारला एकच आकडा दाखवला. सरांनी मशीन झटकलं, फुंकलं, सेल काढून पुन्हा घातले.

मामा लय मायेनं म्हणले, “सायेब, सावलीत ठिवा त्याला घटकाभर. ऊन लागलं असंल.”

पण त्या दिवशी एक कोडं गळ्यात पडलं. खदानभर गोगलगायींची नुसती रिकामी शंखं पडलेली, पण मामांच्या बांधाकडच्या कोपऱ्यात पंचवीस-तीस गोगलगायी जित्या! तिथलं पाणीही खारंच. मशीनला खारं, मामांच्या जिभेलाही खारं. मग ह्या जगल्या कशा? सर म्हणाले, “ह्यातच तुझा थिसीस आहे, संघमित्रा.” तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, “कारण माहीत नाही.”

* * *

सरांची गाडी मधेच गॅरेजला गेली, म्हणून एकदा मी आणि संघमित्रा झरीहून एसटीनं निघालो. तिच्या मांडीवर खदानीच्या पाण्याचा कॅन. शेवाळामुळं पाण्याला जरा हिरवट-पिवळट रंग. कंडक्टर आला आणि तिकीट राहिलं बाजूला, कॅनकडंच बघाय लागला.

“ताई, डिझेल न्यायला परवानगी न्हाई.”

“पाणी आहे हो.”

“पाणी असं असतंय व्हय? प्या बरं.”

गाडीतली सगळी डोकी मागं वळली. मी म्हणलं, अहो साहेब, कॉलेजचं पाणी हाय, संशोधनाचं. तर तो मलाच म्हणला, “मंग तुमी प्या.” मी म्हणलं, मला बीपी हाय, डॉक्टरनं मीठ बंद केलंय.

संघमित्रानं शांतपणे झाकण उघडलं आणि एक घोट घेतला. तोंड असं झालं की बघवेना. कंडक्टरही घाबरला.

“कसं हाय?”

“खारं आहे. मागच्या आठवड्यापेक्षा जास्त.”

मागच्या सीटवरची एक म्हातारी कडाडली, “मुडद्या, लेकराला असलं पाणी पाजलंस, आता तुझ्या बाटलीतलं दे तिला!” कंडक्टरनं मुकाट्यानं स्वतःची बाटली दिली आणि परभणी येईपर्यंत कुणाच्याही सामानाला हात लावला न्हाई.

दुसऱ्या दिवशी सर रजिस्टर बघायले होते. त्यात लिहिलेलं, “नमुना सात : एक घोट कमी. कारण : कंडक्टरने पाजला.”

“हे लिहायची काय गरज आहे?” सर कपाळाला हात लावून म्हणाले.

“कमी झालाय ना, सर,” ती म्हणाली.

* * *

आता लॅबमधली मांडामांड सांगतो, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई. काचेच्या पाच टाक्या. एक नंबरात गोडं पाणी, दोनमध्ये थोडं मीठ, आणि असं चढत चढत पाच नंबरात मे महिन्यातल्या खदानीइतकं खारं. प्रत्येक टाकीत चाळीस गोगलगायी. रोज सकाळी थोडं पाणी काढून तेवढंच नवं घालायचं. त्या नव्या पाण्यापुरतं मीठ संघमित्रा आदल्या दिवशी काट्यावर मोजून कागदाच्या पुड्या बांधायची आणि ज्या त्या टाकीपुढं ठेवायची. पाणी बदलणं आणि पुडी सोडणं माझ्याकडं.

गोगलगायी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून शंखावर नेलपेंटचा ठिपका द्यायचा. तीन नंबरच्या हिरव्या, चार नंबरच्या निळ्या, पाच नंबरच्या लाल. एक दिवस नेमकी लाल बाटली संपली. मी घरी जेवायला गेलो आणि बायकोची बाटली खिशात घालून आणली. चाळीस ठिपक्यांत निम्मी संपली.

संध्याकाळी सुलोचना विचारती, “माझी लाल नेलपेंट कुठं गेली?”

माझ्या शर्टाच्या खिशाला लाल डाग. बोटाला लाल डाग. काय लपवणार?

“कुणाला लावून आलाव?”

“गोगलगायींना.”

चार दिवस बोलली न्हाई! वाढायची, पण ताट असं आपटायची की वरण उडून चष्म्यावर यायचं. पाचव्या दिवशी स्वतःच चप्पल घालून कॉलेजात हजर. संघमित्रानं तिला टाकीजवळ नेलं, एकेक गोगलगाय दाखवली. चाळीसच्या चाळीस लाल ठिपक्याच्या, टाकीच्या तळाशी बसलेल्या. मला वाटलं, सुटलो.

सुलोचनानं सगळ्या बघितल्या, माझ्याकडं वळली आणि म्हणली, “एवढ्या जणींना लावली! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला एकदा तरी लावली का?”



* * *

पुढचा किस्सा सांगताना मला आजही कसंतरीच होतं. पण सांगतो.

ह्या गोगलगायींना शंखाच्या तोंडाशी एक झाकण असतं. पाणी पसंत न्हाई पडलं की आत ओढून घेतात आणि झाकण लावून बसतात. एक नंबरच्या टाकीत सगळ्या मजेत फिरायच्या, पालक खायच्या. पाच नंबरात सगळी झाकणं बंद. पहिल्या खेपेच्या चाळीस आठ दिवसांतच मेल्या. संघमित्रानं मोजून लिहिल्या, मी बाहेर नेऊन पुरल्या. मग दुसऱ्या खेपेच्या चाळीस आणल्या, ठिपके दिले, पाच नंबरात सोडल्या.

शनिवारी संध्याकाळी सगळे गेले. कुलूप लावायच्या आधी मी टाक्यांवर नजर टाकली. पाच नंबरात चाळीस बंद झाकणं. माझ्या मनात आलं, उद्या रविवार. प्राचार्यांना सुट्टी, सरांना सुट्टी, मला सुट्टी. ह्या बिचाऱ्यांनीच काय घोडं मारलं?

मी एक बादली गोडं पाणी घेतलं आणि चाळीसही त्यात सोडल्या. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन परत टाकीत घातल्या. बादलीत सगळ्यांची झाकणं उघडी होती, एक तर काठावर चढून बसली होती! लय बरं वाटलं. मग दर शनिवारी हेच. कुणाला सांगितलं न्हाई. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

दोन महिने झाले तरी पाच नंबरच्या छत्तीस जित्या. संघमित्रा एरवी हळू बोलणारी, पण त्या दिवशी व्हरांड्यातून पळत सरांच्या केबिनमध्ये गेली. “सर, जगतायत! खदानीतल्या कोपऱ्यात जगतात तशाच इथेही जगतायत! सवय होते त्यांना!” सर खुर्चीवरून उठले. पेढे आणले. सर म्हणाले, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही, ह्याच्यावर पेपर लिहू, थिसीसचा शेवटचा धडा हाच.

मला दोन पेढे दिले. मी खाल्लेही. मला वाटलं, पोरीला यश आलं, आपल्याला आनंद. माझ्या डोक्यात प्रकाश पडला न्हाई म्हणजे न्हाईच!

* * *

मधे एक दिवस दुसऱ्या विद्यापीठातले एक मोठे सर भाषणाला आले. लय नावाजलेला आणि तितकाच कडक माणूस. घुगे सरांनी आदल्या दिवशी मला तीनदा टाक्या पुसायला लावल्या. त्याच सकाळी गणपतमामांनी बांधावरचे पेरू पाठवले होते, पिशवीभर. लॅबमध्ये नुसता घमघमाट.

पाहुणे सर टाक्या बघायला आले. हात मागं बांधून, एकेक टाकी. घुगे सर आणि संघमित्रा शेजारी माहिती देत होते, तेवढ्यात ऑफिसातून बोलावणं आलं म्हणून दोघं तिकडं गेले. मी पाणी आणायला गेलो. येऊन बघतो तर पाहुणे सर स्टुलावर बसून पेरू खायलेत. निम्मा झालेला. चेहरा एकदम लहान लेकराचा.

“पेरू फार छान आहे हो,” ते मला म्हणाले. “आणि मीठ पण बारीक आहे.”

मी खूश झालो. पाहुण्याची सोय झाली, आणखी काय पाहिजे? मग ते भाषणाला गेले आणि मी पाणी बदलायला घेतलं. चार नंबरपुढं पुडीचा कागद उघडा, मीठ न्हाई. मला वाटलं, संघमित्रानं स्वतःच सोडलं असेल. नुसतं पाणी बदलून मोकळा झालो.

संध्याकाळी संघमित्रानं चार नंबरचं पाणी मोजलं. खारटपणा खाली! पुन्हा मोजलं. खालीच.

“काका, चार नंबरची पुडी?”

तवा माझ्या डोक्यात निम्मा पेरू, उघडा कागद आणि ‘मीठ पण बारीक आहे’ हे सगळं एकाच वेळी आलं. मी सांगितलं. 

संघमित्रानं रजिस्टर उघडलं. सरांनी वरून हात ठेवला. “त्यांचं नाव लिहायचं नाही! एवढा मोठा माणूस, बरं दिसतं का? वजनात चूक, असं लिही.”

“वजनात चूक नव्हती, सर.”

“अगं, काहीतरी लिही ना!”

तिनं आकडा लिहिला, तारीख लिहिली, आणि कारणाचा रकाना रिकामा सोडला. “खोटं लिहिणार नाही,” म्हणाली. “तुम्ही म्हणता म्हणून खरंही लिहीत नाही.”

* * *

पेपर लिहून झाला. पाठवायच्या आदल्या दिवशी घुगे सर मला वाचून दाखवायले होते. “पाच नंबरातल्या गोगलगायींनी सलग दोन महिने खारं पाणी सहन केलं.” मी ‘सलग’ ह्या शब्दाला अडलो.

“सलग म्हणजे रविवार धरून का सर?”

“अर्थात.”

तवा कुठं माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसलो होतो.  घरी गेलो, जेवण जाईना. सुलोचनानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली न्हाई.

“तुमचं काय, तुमी चार महिन्यांनी रिटायर होणार,” ती म्हणली. “त्या पोरीनं उद्या लोकांपुढं हे खरं म्हणून सांगायचं? उद्या सकाळी तिच्या पुढ्यात उभं राहायचं. न्हाईतर मीच येते.”

सकाळी मी संघमित्रापुढं उभा राहिलो आणि शनिवारपासून सोमवारपर्यंत सगळं सांगितलं.  घुगे सर “मुंजाजी! मुंजाजी!” एवढंच म्हणत लॅबभर फिरायले. मुदत संपायला चार महिने उरले होते.

संघमित्रा रडली. आवाज न करता, रजिस्टरवर हात ठेवून. मला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, “काका, बादलीत झाकणं उघडायच्या?”

“लगेच उघडायच्या. फिरायच्या, खायच्या.”

तिनं रजिस्टरमधलं ‘कारण माहीत नाही’ लिहिलेलं पान काढलं. मग एकदम उठली. “सर, गाडी काढा. झरीला जायचंय.”

मामा खदानीच्या त्याच कोपऱ्यात होते. दोन म्हशी पाण्यात बसलेल्या, आणि बोरचा पाइप त्यांच्या अंगावर धो धो चालू. बोरचं पाणी गोडं! सगळं पाणी वाहत त्याच कोपऱ्यात जायलेलं. आणि कोपऱ्यात लाइनीनं गोगलगायी, सगळ्यांची झाकणं उघडी.

“मामा, हे रोज करता?” सरांनी विचारलं.

“रोज कुठं? आठ दिवसाला एकदा धुतो म्हशी, बेस्तरवारी.” त्या दिवशी नेमका गुरुवार होता, आणि आमी नेहमी सोमवारी जायचो! तोवर सगळं पुन्हा खारं.

“अहो, मग इतक्या दिवसांत सांगितलं का नाही?”

“तुमी गोगलगायीचं इचारलं,” मामा म्हणले. “म्हशीचं कुणी इचारलं?”

संघमित्रा चिखलातच उभी राहून हसायली, हसायली आणि थांबेना. परत आल्यावर तिनं सहावी टाकी मांडली. पाच नंबराइतकीच खारी, पण सुट्टी बंद. पाच नंबरची सुट्टी मात्र चालू, आणि आता राजरोस, रजिस्टरमध्ये सही करून! सहावीतल्या सगळ्या दुसऱ्या हप्त्यापर्यंत मेल्या, पुन्हा भरल्या, त्याही मेल्या. पाचवीतल्या जगल्या. आठ दिवसांत एक दिवस गोडं पाणी मिळालं की जीव तग धरतो, असा तिचा शेवटचा धडा झाला. मुदतीच्या शेवटच्या हप्त्यात थिसीस गेला. रिटायर होताना मला कुणी पुष्पगुच्छ दिला तो आठवत न्हाई, पण त्या थिसीसच्या पेटीला सुतळी मी बांधली होती, ती गाठ आठवते.

* * *

तोंडी परीक्षा ठेवली ती मी रिटायर झाल्यावर. पण चहा मीच नेणार म्हणून मी हट्ट धरला. हॉल भरलेला. पहिल्या ओळीत संघमित्राचे वडील, पांढऱ्याशुभ्र शर्टात, दोन्ही हात गुडघ्यावर. मागं गणपतमामा, नवी टोपी घालून. सुलोचनाही आली होती.

बाहेरचे परीक्षक आत आले आणि घुगे सरांचा चेहरा उतरला. माझाही उतरला. तेच ते! पेरूवाले.

माणूस खरंच कडक. प्रत्येक तक्त्याला अडवायचे. सगळी रजिस्टरं समोर मागवून घेतली. “आठवड्यातून एकच दिवस गोडं पाणी. हा एक दिवस कुठून आला? कोणत्या आधारावर ठरवला?”

“मी ठरवला नाही, सर. मुंजाजीकाकांना रविवारी त्यांची दया यायची,” संघमित्रानं सरळ सांगितलं. “पान चाळीसवर त्यांची सही आहे.”

हॉल हसला. वडीलही हसले. परीक्षक हसले न्हाईत. रजिस्टरची पानं उलटत राहिले आणि एका पानावर थांबले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात. मला तिथूनच कळलं, कोणतं पान ते.

“टाकी क्रमांक चार,” ते म्हणाले. “ह्या दिवशी खारटपणा एकदम खाली. तुमच्या रजिस्टरात कंडक्टरनं पाजलेल्या घोटाचंसुद्धा कारण लिहिलंय. आणि नेमका इथंच रकाना रिकामा. काय लपवताय तुम्ही?”

घुगे सर खोकायला लागले. मधे काहीतरी बोलणार, तर परीक्षकांनी हात वर केला. “त्यांना बोलू द्या. एका दिवसाचा आकडा असा लटकत असेल, तर बाकीच्यांवर मी विश्वास का ठेवायचा?”

 ‘वजनात चूक’ म्हणाली तर हा माणूस सगळीच वजनं काढणार. आणि खरं बोलली तर भरल्या हॉलमध्ये ह्याची इज्जत जाणार, मग हा सही करतोय व्हय? सहा वर्षं पोरीनं खदानीत उभं राहून काढली आणि येऊन अडकली एका पुडीवर!

संघमित्रानं एकदा वडिलांकडं बघितलं. मास्तरांना ह्यातलं काही ठाऊक न्हाई, पण त्यांनी मान हलवली.

“सर,” ती हळूच म्हणाली, “त्या दिवशीचं चार नंबरचं मीठ तुम्ही पेरूला लावून खाल्लं.”



परीक्षकांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. रजिस्टर जवळ ओढलं, खिशातला पेन काढला आणि त्या रिकाम्या रकान्यात स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली. खाली सही केली. रजिस्टर मिटून तिच्याकडं सरकवलं.

“डॉक्टर संघमित्रा,” ते म्हणाले, “पेरू झरीचेच होते ना?”